सूर्य संथ आहे, घाई आपल्याला आहे

५ डिसेंबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटून तासभर झाला असताना, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसरझोत सेंटिमीटरभर लांबीच्या एका सोनेरी नळकांड्यात शिरले. नळकांड्याच्या मध्यभागी दोन मिलिमीटर व्यासाची हिऱ्याची पोकळ गोळी होती आणि गोळीत गोठवलेला जड हायड्रोजन. झोतांनी आत २.०५ मेगाज्यूल ऊर्जा नेली. गोळी चिरडली गेली, हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडले. नियंत्रित संमीलनात लक्ष्यावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा परत मिळाल्याची ही पहिली नोंद. आठवडाभराने वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद झाली आणि ‘कृत्रिम सूर्य’ पेटल्याचे मथळे सगळीकडे झळकले.

आपल्या वीजबिलावरचा एक युनिट ३.६ मेगाज्यूलचा असतो. म्हणजे त्या रात्री निघालेली ऊर्जा पुरी एक युनिटही नव्हती. आणि लेसर पेटवायला ग्रिडमधून ओढलेली वीज होती सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. ८३ युनिट वीज खर्चून एका युनिटाहून कमी, तीही वीज नव्हे, नुसती उष्णता.

म्हणून प्रयोग फसवा होता असे मात्र नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो मैलाचा दगडच आहे. पण संमीलनाच्या बातम्यांत नेमके असेच होते : शोध खरा असतो, आकडाही खरा असतो, आणि वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र मात्र चुकते. या चुकीचे मूळ ‘सूर्य पृथ्वीवर आणायचा’ या कल्पनेत आहे. सूर्यात जे चालते त्याची नक्कल आपण करत नाही, आणि करून उपयोगही नाही. ते का, हे समजायला आधी सूर्याकडे गेले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात सूर्य कशावर जळतो यावरून मोठे भांडण होते. सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतो आणि त्यातून उष्णता निघते, असे धरून लॉर्ड केल्विन यांनी त्याचे वय दोन ते चार कोटी वर्षांच्या घरात काढले. डार्विनला उत्क्रांतीसाठी त्याच्या कितीतरी पट काळ हवा होता. दक्षिण इंग्लंडमधल्या एका प्रदेशाची झीज मोजून त्याने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत तीस कोटी वर्षांचा अंदाज दिला होता, टीका झाल्यावर पुढे तो गाळला. केल्विन यांच्या गणितात चूक नव्हती. त्यांनी धरलेला ऊर्जेचा स्रोतच चुकीचा होता.

खऱ्या इंधनाची राख मात्र तोवर दिसलेली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तेच हेलियम. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध इंग्रज खगोलज्ञ लॉकियरने इथेच लावला असे सांगतात, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. ग्रहणाची छाया त्या किनाऱ्यावरून गेली हे खरे. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाची वाट न पाहता त्यांनी ऑक्टोबरमध्ये घरच्या दुर्बिणीतून ती रेषा टिपली. दिवस साजरा करायला हरकत नाही, इतिहास तेवढा नीट सांगावा.

१९२० मध्ये ब्रिटिश खगोलज्ञ एडिंग्टन यांनी कार्डिफच्या व्याख्यानात धागा जोडला. केंब्रिजमध्ये ॲस्टन यांनी अणूंची वजने काटेकोर मोजली होती आणि हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमच्या एका अणूपेक्षा किंचित जड भरतात असे आढळले होते. फरक ०.७ टक्के. हायड्रोजनचे हेलियम होताना हे वजन हरवत असेल, तर आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे त्याची ऊर्जा व्हायला हवी, आणि ती सूर्याला अब्जावधी वर्षे पुरेल. व्याख्यानात त्यांनी हेही म्हटले की ही शक्ती माणसाच्या हाती लागली तर तिचा उपयोग कल्याणासाठीही होईल आणि आत्मघातासाठीही.

अडचण अशी, की सूर्यात एवढा हायड्रोजन आहे हे तेव्हा कुणी मानत नव्हते. पृथ्वी आणि सूर्य एकाच मालमसाल्याचे, अशी समजूत होती. ती मोडली सिसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधिकेने, १९२५ च्या हार्वर्डमधल्या प्रबंधात. तिच्या हातातले हत्यार होते मेघनाद साहांचे : किती तापमानाला अणूंतून किती इलेक्ट्रॉन सुटतात हे सांगणारे, १९२० सालचे समीकरण. ते वापरून तिने दाखवले की तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचेच आहेत. त्या काळचे वजनदार खगोलज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी निष्कर्ष अशक्य ठरवला, आणि पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात तो खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. त्यांनी पेन यांचा उल्लेख केला. श्रेय मात्र बराच काळ रसेल यांच्या खाती जमा राहिले.

मग दुसरा पेच. प्रोटॉन धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. हे ढकलणे मोडून काढायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या शेकडो पटींनी कमी ऊर्जा सूर्याच्या दीड कोटी अंश तापमानाच्या गाभ्यातल्या सरासरी प्रोटॉनकडे असते. जुन्या भौतिकीप्रमाणे सूर्य विझलेलाच असायला हवा. १९२८ मध्ये गॅमो यांनी पुंजयांत्रिकीतून दाखवले की कण अशा भिंतीतून, फार क्वचित का होईना, आरपार जाऊ शकतो. ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी लगेच १९२९ मध्ये ते ताऱ्यांना लावले. १९३८-३९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या हान्स बेथे यांनी पूर्ण साखळ्या मांडल्या. एक प्रोटॉनला प्रोटॉन जोडत जाणारी. दुसरी कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांना मध्यस्थ घेणारी, जी जर्मनीत वायझेकर यांनीही स्वतंत्रपणे शोधली होती. सूर्यात दुसरीच मुख्य असेल असे बेथेंना वाटले होते. प्रत्यक्षात तिचा वाटा जेमतेम एक टक्का आहे; मोठ्या, जास्त तापलेल्या ताऱ्यांत तिचे राज्य.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रोटॉन-प्रोटॉन साखळीची पहिली पायरी विलक्षण मंद आहे. दोन प्रोटॉन एकत्र टिकूच शकत नाहीत. भेटीच्या त्या निमिषात एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते काम निसर्गातल्या क्षीण बलाकडे आहे. गाभ्यातला एखादा प्रोटॉन ही पायरी ओलांडायला सरासरी नऊशे कोटी वर्षे थांबतो. सूर्य दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन वापरतो आणि त्यातल्या चाळीस लाख टनांची ऊर्जा करतो हे आकडे ऐकून छाती दडपते. पण सूर्याच्या आकारमानाने भागले की चित्र पालटते. त्याच्या अगदी मध्यावरही एका घनमीटरातून तीनशे वॉटसुद्धा निघत नाहीत. बसल्या जागी माणसाचे शरीर साधारण शंभर वॉट उष्णता टाकते. घनमीटराच्या हिशेबाने ते सूर्याच्या गाभ्याच्या चौपट-पाचपट झाले. सूर्य प्रखर आहे तो केवळ अवाढव्य असल्यामुळे. आणि तो संथ आहे म्हणूनच ४६० कोटी वर्षे टिकला आहे, अजून सुमारे पाचशे कोटी टिकेल.

हे सगळे कागदावरचे गणित नाही याची खात्री कशी पटली, ती कथा मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. संमीलनात न्यूट्रिनो निघतात आणि ते गाभ्यातून दोन सेकंदांत बाहेर येतात. प्रकाशाला त्याच वाटेला हजारो वर्षे लागतात. रे डेव्हिस यांनी साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, सहाशे टन द्रव भरलेली टाकी बसवली. द्रव म्हणजे ड्राय क्लीनिंगला वापरतात तो, क्लोरिनयुक्त. एखादा न्यूट्रिनो क्लोरिनच्या अणूला धडकला की त्याचा किरणोत्सारी आरगॉन होतो. अशा अणूंची आवक दोन दिवसांत साधारण एक. काही आठवडे थांबायचे, मग हेलियम वायू खेळवून सहाशे टनांतून ते मूठभर अणू वेचून काढायचे आणि एकेक मोजायचा. हे काम डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाव शतक केले, आणि मोजदाद सतत अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्यावर अडकली. काहींना प्रयोग चुकला असे वाटे, काहींना सूर्याचे गणित. चुकलेले काहीच नव्हते. कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये हजार टन जड पाणी वापरून दाखवले की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि डेव्हिस यांची टाकी एकच प्रकार ओळखत होती. डेव्हिस यांना २००२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, नोबेल मिळाले. पुढे इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने प्रोटॉन-प्रोटॉनच्या पहिल्या पायरीचे न्यूट्रिनो टिपले, आणि २०२० मध्ये त्या एक टक्का कार्बन चक्राचेही. सूर्याच्या पोटात काय चालते हे आज आपल्याला पृथ्वीच्या पोटापेक्षा कदाचित जास्त नेमके माहीत आहे.

हेलियमपुढच्या मूलद्रव्यांची गोष्ट थोडक्यात. ताऱ्याचा हायड्रोजन सरला की गाभा दहा कोटी अंशांपर्यंत तापतो आणि तीन हेलियम मिळून एक कार्बन होतो. ही पायरी जमायची तर कार्बनच्या केंद्रकाला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये निव्वळ तर्काने सांगितले, आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने ती शोधून दिली. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी मूलद्रव्यांच्या जन्माचा सबंध नकाशा मांडला. हॉईल हे नाव मराठी वाचकाला जयंत नारळीकरांमुळे घरचे. त्यांचे ते केंब्रिजमधले गुरू. १९८३ चे नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळाले, हॉईल यांना नाही, आणि ही सल अनेक खगोलशास्त्रज्ञांनी बोलून दाखवली आहे. सूर्याच्या पंचवीस पट वस्तुमानाच्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे सत्तर लाख वर्षे पुरतो, कार्बन काही शतके आणि शेवटचे सिलिकॉन एखादा दिवस. मग लोखंड. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, ती घालावी लागते, गाभा कोसळतो.

पृथ्वीवर यायचे तर गुरुत्वाकर्षणाचा तो दाब नाही आणि नऊशे कोटी वर्षे थांबायलाही वेळ नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे इंधन बदलायचे. १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये रुदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी ड्युटेरियमवर ड्युटेरियम आदळून संमीलन घडवले होते. त्याहून सोपी जोडी म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनचे दोन जड भाऊ. इथे न्यूट्रॉन आधीच तयार असल्याने क्षीण बलाची वाट पाहावी लागत नाही. मात्र तापमान लागते दहा ते पंधरा कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर प्रकल्पात ८४० घनमीटर प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूतून, ५०० मेगावॉट काढायचे आहेत. भागाकार केला तर ते सूर्याच्या गाभ्याच्या दोन हजार पटींनी तीव्र होते. आणि हा प्लाझ्मा आपल्या हवेपेक्षा लाखो पट विरळ; एवढ्या पोकळीत इंधन ग्रॅमभराच्या आसपास.

जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्याने १९५५ मध्येच हिशेब करून ठेवला होता. तापमान, घनता आणि उष्णता टिकून राहण्याचा काळ, या तिघांचा मेळ एका मर्यादेपलीकडे गेला तरच व्यवहार फायद्यात. गेल्या सत्तर वर्षांची धडपड याच तीन आकड्यांभोवती फिरते आहे. हायड्रोजन बॉम्बच्या बेलगाम स्वरूपात ही ऊर्जा त्याआधीच मोकळी झाली होती, १ नोव्हेंबर १९५२ रोजी, पॅसिफिकमधल्या एनेवेटक बेटांवर.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जीनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची रीत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या वेळी हे संशोधन मोठ्या राष्ट्रांत गुप्त होते. भाभांनी विषय उघड्यावर आणला, हे त्या भाषणाचे खरे मोल. मुदत १९७५ ला संपली. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यानंतर बहुतेक प्रत्येक पिढीने तीच चूक केली आहे आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती हाती असताना.

१९५८ च्या जानेवारीत ब्रिटनने झीटा यंत्रात संमीलन साधल्याचे जाहीर केले, वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतले, आणि काही महिन्यांत दावा मागे घ्यावा लागला. दिसलेले न्यूट्रॉन तापमानामुळे आलेलेच नव्हते. त्या पोळलेल्या अनुभवामुळे १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ आर्त्सिमोविच यांनी टी-३ यंत्रात एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले तेव्हा पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. आर्त्सिमोविच यांनी सरळ निमंत्रण दिले : या आणि स्वतः मोजा. शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनच्या कलहॅमचे पथक लेसर घेऊन मॉस्कोत गेले आणि १९६९ मध्ये आकडे खरे असल्याचे सांगून परतले. ते यंत्र म्हणजे टोकामॅक : पोकळ कड्याच्या आकाराचे निर्वात पात्र, भोवती चुंबकांचे वेढे, आणि आत भिंतीला न शिवता फिरणारा प्लाझ्मा. मूळ कल्पना साखारोव्ह आणि टाम यांची, १९५० च्या सुमाराची. त्यानंतर जगाने टोकामॅकचाच रस्ता धरला. प्रिन्स्टनच्या स्पिट्झर यांचा पिळदार स्टेलरेटर मागे पडला. अलीकडे जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या यंत्राने त्याला पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले आहे.

इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकने १९९७ मध्ये २४ मेगावॉट तापवणीवर १६ मेगावॉट मिळवले आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, बंद होण्याआधी, पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल. युनिटांत सांगायचे तर १९. खर्च झालेले इंधन ०.२ मिलिग्रॅम, हे मात्र लक्षात घेण्यासारखे. त्याच हिशेबाने चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालवण्याएवढी उष्णता रोज दोन-सव्वादोन किलो इंधनातून निघेल; आज तिथे रोज हजारो टन कोळसा जळतो आणि त्याची राख आजूबाजूच्या गावांना ठाऊक आहे. या एका भागाकारासाठी माणसे तीन पिढ्या या विषयाला चिकटून आहेत. चीनच्या ईस्ट टोकामॅकने २०२५ च्या जानेवारीत १,०६६ सेकंद, आणि फ्रान्सच्या वेस्टने महिन्याभरात १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. त्यांत ट्रिटियम नव्हते, म्हणजे दखल घेण्याजोगी संमीलन-ऊर्जाही नव्हती. तो टिकाऊपणाचा सराव होता. बातम्यांत हा फरक बहुधा गळतो.

लिव्हरमोरच्या लेसरांनीही पुढे मजल मारली. २०२५ मध्ये तिथे ८.६ मेगाज्यूल निघाले, जवळपास अडीच युनिट. ते लेसर जुन्या धाटणीचे, नव्यांची कार्यक्षमता बरीच चांगली असेल, हेही खरे. पण वीजकेंद्राला अशा गोळ्या सेकंदाला दहाएक फोडाव्या लागतील, रात्रंदिवस. आणि त्या प्रयोगशाळेचे मुख्य काम अमेरिकेच्या अण्वस्त्रसाठ्याची निगा हे आहे, वीज नव्हे.

इटरबद्दल काय म्हणावे? १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या भेटीतून उगवलेली ही कल्पना. २००६ मध्ये युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका यांनी करार केला. पहिला प्लाझ्मा आधी २०१६ ला होता, मग २०२५ ला. २०२२ मध्ये निर्वात पात्राच्या भागांत आणि शीतकरणाच्या नळ्यांत दोष सापडले. २०२४ च्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे संशोधन २०३४ ला सुरू होईल आणि ड्युटेरियम-ट्रिटियम २०३९ ला. ५० मेगावॉट तापवणीवर ५०० मेगावॉट, दहापट, हे उद्दिष्ट; मात्र सबंध प्रकल्प चालवायला लागणारी वीज त्या दहापटीत मोजलेली नाही, आणि इटर वीज बनवणारही नाही. सात भागीदारांना सुटे भाग वाटून देण्याची पद्धत राजकारणाला सोयीची, अभियांत्रिकीला तापदायक. तरी ते यंत्र पूर्ण व्हावे असेच मला वाटते. स्वतःच्या उष्णतेवर तगणारा प्लाझ्मा कसा वागतो हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणीच पाहिलेले नाही.

खासगी कंपन्या वेळापत्रक फार लवकरचे सांगतात. त्यांच्या उत्साहामागे एक ठोस कारण आहे : नवे अतिवाहक. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कॉमनवेल्थ फ्यूजन आणि एमआयटी यांनी २० टेस्लाचे मोठे चुंबक चालवून दाखवले. चुंबक जोरकस झाले की यंत्र लहान करता येते, आणि लहान यंत्र लवकर उभे राहते. त्यांचे स्पार्क हे यंत्र मॅसॅच्युसेट्समध्ये उभे राहत आहे आणि पुढच्या केंद्राची वीज घेण्याचा करार गूगलने केला आहे. हेलियन या कंपनीने तर मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचे कबूल केले आहे. स्पार्ककडून मला खऱ्या आशा आहेत. २०२८ च्या वायद्यावर माझा विश्वास नाही. चंद्रावरून हेलियम-३ हे इंधन आणण्याच्या गप्पा तर तूर्त बाजूलाच ठेवलेल्या बऱ्या.

खरी गोम पुढेच आहे, आणि तिच्यावर मथळे येत नाहीत. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाही, दर १२.३ वर्षांनी निम्मे होते. जगातला नागरी वापराचा साठा सुमारे २५ किलो, मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. एक गिगावॉट संमीलन-उष्णता वर्षभर काढायची तर ५५ किलोंच्या वर ट्रिटियम जळेल. तेव्हा केंद्राने स्वतःचे इंधन स्वतः पिकवले पाहिजे : भिंतीत लिथियम ठेवायचे आणि निसटणाऱ्या न्यूट्रॉनकडून त्याचे ट्रिटियम करून घ्यायचे. एका न्यूट्रॉनमागे एकापेक्षा थोडे जास्त ट्रिटियम मिळायला हवे, कारण काही वाया जाणारच. पूर्ण आकाराचे असे आवरण आजवर कोणत्याही संमीलनयंत्रात चाललेले नाही. समुद्रातून अमर्याद इंधन मिळेल हे वाक्य ड्युटेरियमपुरते खरे आहे, दर घनमीटर पाण्यात ३३ ग्रॅम. ट्रिटियमबद्दल ते लागू नाही.

दुसरी गोम भिंतीची. संमीलनातली ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात, प्रत्येकी १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. विद्युतभार नसल्याने चुंबक त्यांना अडवत नाहीत. ते आवरणात शिरून उष्णता देतात आणि त्या उष्णतेवर शेवटी पाणीच उकळायचे आहे. वाटेत ते पोलादातला एकेक अणू जागचा हलवतात; केंद्राच्या आयुष्यात प्रत्येक अणू वीस ते पन्नास वेळा. असे पोलाद ठिसूळ होते, फुगते, किरणोत्सारी होते. अशा माऱ्यात वर्षानुवर्षे काय टिकते हे तपासायला पुरेसा तीव्र न्यूट्रॉनस्रोतच अजून नाही. स्पेनमध्ये ग्रनाडाजवळ त्यासाठी एक केंद्र बांधले जात आहे. प्लाझ्माची राख जिथे उतरते त्या तळाला चौरस मीटरमागे दहा मेगावॉट उष्णता सोसायची असते. भिंत किरणोत्सारी झाली की दुरुस्ती यंत्रमानवांनीच, आणि दुरुस्तीत गेलेला प्रत्येक महिना म्हणजे बंद पडलेले वीजकेंद्र. विजेचा दर यावर ठरेल, प्लाझ्माच्या तापमानावर नव्हे. संमीलनाच्या बाजूने सांगायचे ते हे : यात हाताबाहेर जाणारी साखळी-प्रक्रियाच नसते, काही बिघडले तर प्लाझ्मा क्षणात थंड होतो, आणि कचरा विखंडनाच्या जळक्या इंधनासारखा हजारो वर्षांचा नसून साधारण शतकभराचा असेल, धातू नीट निवडले तर.

भारताचा वाटा वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. इटरला सर्व बाजूंनी वेढणारे, २९ मीटर व्यासाचे, ३,८५० टनांचे शीतपात्र लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात बनवले आणि ५४ तुकड्यांत फ्रान्सला पाठवले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रेधिमान कृष्ण काव यांच्या पुढाकाराने आदित्य हा देशी टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी युटातल्या फ्लाइशमन आणि पॉन्स यांच्या थंड संमीलनाच्या दाव्याने जगाला झपाटले होते, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या काही गटांनीही न्यूट्रॉन व ट्रिटियम दिसल्याचे अहवाल दिले होते. इतरत्र ते प्रयोग भरवशाने पुन्हा साधेनात आणि प्रकरण मागे पडले. गांधीनगरचे पुढचे यंत्र एसएसटी-१. हजार सेकंदांसाठी आखलेले, २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा देणारे, पण अजून सेकंदाच्या आतबाहेर घोटाळणारे. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात प्रात्यक्षिक अणुभट्टीचे साल २०६० आहे. हे साल मला प्रामाणिक वाटते.

मात्र इतर पुष्कळ देशांकडे नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे. अलिबागजवळ थळला जड पाणी, म्हणजेच ड्युटेरियम, तयार होते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत त्याच जड पाण्यात वर्षानुवर्षे ट्रिटियम साचते, देशातल्या त्या जातीच्या इतर अणुभट्ट्यांतही. ट्रिटियम वेगळे काढणे, साठवणे, पोलादातून झिरपू न देणे हे कौशल्य ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे उद्या सगळ्यांनाच यावे लागेल. मोठ्या टोकामॅकच्या शर्यतीत चीनला गाठायच्या नादात न पडता या कामात आणि न्यूट्रॉनचा मारा सोसणाऱ्या धातूंत पैसा घालणे शहाणपणाचे. २०४५ पर्यंतच्या वीजनियोजनात मात्र संमीलनाच्या रकान्यात शून्यच लिहावे.